गाठीचा प्रश्न : ग्रंथिक सन्निपात आणि पेशींच्या संचाराचा इतिहास

१

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, दापोली तालुक्यात, सुवर्णदुर्गासमोर वसलेले हर्णे हे बंदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आगबोटींचे एक ठाणे होते. बोट खोल पाण्यात उभी राही व उतारू आणि माल पडावांतून किनाऱ्यास येत. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व कचेऱ्यांत राबणारा या भागातील माणूस शिमग्यास किंवा गणपतीस घरी परते तो बहुधा याच समुद्रमार्गाने. इ. स. १८९६ च्या अखेरीस मात्र या मार्गावरील गर्दीचे कारण सण हे नव्हते.

त्या वर्षी २३ सप्टेंबर रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रोग्याच्या तापाचे निदान प्लेग असे केले. पुढील चारपाच महिन्यांत मुंबईच्या सुमारे सव्वाआठ लाख वस्तीपैकी जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. घाटावर जाणाऱ्यांनी आगगाडी धरली. कोकणातील लोकांनी बोट, गलबत किंवा पायवाट धरली. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांनी या रोगास ‘ग्रंथिक सन्निपात’ असे पंडिती नाव दिले. सामान्य लोक त्यास ‘गाठीचा ताप’ म्हणू लागले. दोन्ही नावांत एकच लक्षण पुढे आले आहे, ते म्हणजे गाठ. ताप भरून एकदोन दिवस होतात न होतात तोच जांघेत, काखेत किंवा मानेत सुपारीएवढी, कधी अंड्याएवढी, अतिशय दुखरी गाठ उठे, आणि औषधोपचार नसलेल्या त्या काळात अशा रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत.

हे लक्षण लवकरच राज्यकारभाराचीही खूण बनले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला आणि रेल्वेच्या स्थानकांवर व बंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. माणसे रांगेत उभी करून त्यांच्या काखा व जांघा चाचपण्यात येऊ लागल्या. स्त्रियांच्या बाबतीत ही तपासणी किती अपमानास्पद ठरली असेल हे सांगावयास नको. पुण्यात रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सैनिकांकरवी घरे धुंडाळली. त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावरील गोळीबारात झाली. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. हर्ण्याशेजारच्या मुरुडात वाढलेले धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात चालविलेल्या अनाथ बालिकाश्रमाला १९०० साली शहर सोडून हिंगण्यास जावे लागले, त्याचेही एक कारण शहरातील प्लेग हेच होते. एका गाठीच्या धास्तीने माणसांचे स्थलांतर, सरकारचा कायदा आणि संस्थांची जागाही ठरत होती.

परंतु ही गाठ म्हणजे नेमके काय, ती का येते, आणि एका ठिकाणी आल्यावर रोग तिथेच का थांबत नाही, हे प्रश्न त्या धामधुमीत मागे राहिले. त्यांची उत्तरे मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. आणि ती उत्तरे रोगजंतूच्या अभ्यासातून जितकी आली, त्याहून अधिक शरीरातील पांढऱ्या पेशींना वाट दाखविणाऱ्या काही लहान प्रथिनांच्या शोधातून आली. हा शोध कसा लागला आणि मुंबईच्या साथीशी त्याचा धागा कसा जुळतो, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांना सापडला, तो रोग्यांच्या गाठीतच. त्याच वेळी तेथे आलेल्या शिबासाबुरो किटासाटो यांनीही जंतू पाहिल्याचे जाहीर केले. तेव्हापासून गाठ ही जंतूंची कोठी आहे, एवढे निश्चित झाले. शरीरात ठिकठिकाणी लसीकाग्रंथी असतात. हातापायांच्या कातडीखालून झिरपणारा लसीका नावाचा पातळ रस सूक्ष्म वाहिन्यांतून या ग्रंथींत येतो, तेथे गाळला जातो आणि पुढील ग्रंथीकडे जातो. पायाचा रस जांघेत येतो, हाताचा काखेत. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांस पिसू चावली म्हणजे गाठ जांघेत उठावी हे त्यामुळे स्वाभाविक होते. आणि बहुसंख्य रोग्यांत ती जांघेतच उठे.

१८९७ मध्ये मुंबईस अनेक देशांची संशोधनमंडळे आली. त्यांत व्हिएन्ना येथील शास्त्रपरिषदेने पाठविलेले मंडळ विशेष उल्लेखनीय आहे. त्यातील हाइनरिख आल्ब्रेख्ट व आंटोन गोन या दोन विकृतिशास्त्रज्ञांनी मुंबईत मृतदेहांचे काळजीपूर्वक विच्छेदन केले. गाठी सगळ्या एका प्रतीच्या नसतात, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. जंतू शिरला त्या भागाचा रस ज्या ग्रंथीत प्रथम येतो, तेथील गाठ पहिल्या श्रेणीची. तिच्यापुढील ग्रंथींतील गाठ दुसऱ्या श्रेणीची. आणि जंतू रक्तात पसरल्यानंतर शरीरात इतरत्र दिसतात त्या दुय्यम गाठी, अशी विभागणी त्यांनी केली. रोग एका ग्रंथीकडून दुसरीकडे, पायरी पायरीने चढत जातो, हे या विभागणीवरून ध्यानात येते. या ज्ञानाची किंमतही मोठी द्यावी लागली. मंडळाने मुंबईहून नेलेल्या जंतूंवर व्हिएन्नात काम चालू असता १८९८ च्या ऑक्टोबरात प्रयोगशाळेतील एका सेवकास प्लेग झाला. त्याच्यावर उपचार करणारे, मुंबईच्या मंडळातीलच डॉ. हेर्मान म्युलर, हेही त्याच रोगाने मरण पावले.

आल्ब्रेख्ट व गोन यांनी जे पाहिले ते मृत शरीरात पाहिले. गाठीत जंतू आहेत, सूज आहे, रक्तस्राव आहे, पेशींची दाटी आहे, हे त्यांना दिसले. परंतु पेशी तेथे आल्या कशा, आणि जंतू पहिल्या गाठीतून दुसरीत कोणत्या वाहनाने गेला, हे मृत ग्रंथी सांगू शकत नव्हती. ज्या ग्रंथीचे कामच रस गाळून जंतू अडविण्याचे, तीच ग्रंथी रोगाचा पुढचा तळ कशी होते, हा विरोधाभास तसाच राहिला.

३

हा प्रश्न त्या काळी सोडविता आला नाही, याचे एक कारण तत्कालीन रोगप्रतिकारशास्त्रातील मोठा वाद हे होय. आणि त्या वादाच्या एका पक्षाशी मुंबईचा अगदी निकटचा संबंध होता.

१८८२ च्या अखेरीस रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह हे सिसिलीतील मेस्सिना येथे समुद्रकाठी राहून तारामाशाच्या डिंभांचा अभ्यास करीत होते. हे डिंभ काचेसारखे पारदर्शक असल्याने त्यांच्या शरीरातील हिंडत्या पेशी सूक्ष्मदर्शकातून जिवंतपणी दिसत. त्यांनी गुलाबाचे बारीक काटे डिंभाच्या अंगात टोचले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तो काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. या प्राण्यास रक्तवाहिन्या नाहीत, मज्जासंस्थाही अगदी साधी. तरी पेशी इजेच्या जागी आपण होऊन गोळा झाल्या होत्या. शरीराचे रक्षण करणाऱ्या, परकी वस्तू गिळून टाकणाऱ्या या पेशींना पुढे भक्षकपेशी हे नाव मिळाले, आणि पेशी हाच प्रतिकाराचा पाया होय असा मेच्निकॉव्ह यांचा सिद्धांत झाला.

याच्या विरुद्ध बाजूस मुख्यतः जर्मन शास्त्रज्ञांचा पक्ष होता. रक्ताच्या व इतर रसांच्या अंगीच जंतुनाशक गुण असतो. पेशी मागाहून येऊन केवळ मेलेले जंतू उचलतात, असे त्यांचे म्हणणे. १८९० मध्ये बेरिंग व किटासाटो यांनी धनुर्वात व घटसर्प या रोगांवरील प्रतिविषे दाखवून दिल्यावर हा पक्ष बळावला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह व पाउल एर्लिख यांना विभागून देण्यात आले, त्यात दोन्ही पक्षांचा सन्मान होता. तरी वाद मिटला असे म्हणता येत नाही.

मुंबईस ७ ऑक्टोबर १८९६ रोजी येऊन दाखल झालेले वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथील विद्यापीठात याच मेच्निकॉव्ह यांचे विद्यार्थी होते, आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांच्या सान्निध्यात राहिले होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगच्या जंतूंची पैदास केली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले म्हणजे जंतूंची वाढ त्या थेंबांपासून खाली लोंबत्या धाग्यांसारखी होते. ते धागे हलवून पाडावयाचे व पुन्हा नवे वाढू द्यावयाचे, अशी त्यांची रीत होती. शेवटी ते जंतू उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली व त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली असता स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचली. टोचलेल्यांत रोग व मृत्यू यांचे प्रमाण कमी दिसले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा स्थापन झाली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भक्षकपेशींच्या आचार्याचा शिष्य, गाठींच्या साथीच्या मध्यभागी, उत्तम प्रयोगशाळेसह काम करीत होता; तरी पेशी गाठीत कशा येतात हा प्रश्न त्याच्या कामाचा विषय झाला नाही. यात नवल नाही. माणसे मरत होती आणि लस हवी होती. लस उपयोगी पडते की नाही हे मोजता येत होते. ती कोणत्या मार्गाने उपयोगी पडते हे जाणण्याचे साधन नव्हते.

४

पेशींना कोणीतरी ‘बोलावते’ ही कल्पना मात्र त्या काळी जन्मास आली होती. युलिउस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या शरीरातील जिवंत ऊतकांत पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडताना दाखविल्या होत्या. १८८४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म प्फेफर यांनी नेच्याच्या शुक्रपेशी मॅलिक आम्लाच्या दिशेने पोहत जातात हे सिद्ध केले. एखाद्या द्रव्याच्या विरळ भागाकडून दाट भागाकडे पेशीने सरकत जाणे, या क्रियेस रासायनिक अनुचलन म्हणतात. नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनी १८८८ मध्ये ही कल्पना पांढऱ्या पेशींस लावली. सशाच्या डोळ्यातील पारदर्शक पटलावर बुरशीचा संसर्ग झाला असता पेशी दूरच्या रक्तवाहिन्यांतून निघून नेमक्या बुरशीकडे सरकतात, तेव्हा बुरशीपासून निघणारे काही द्रव्य त्यांना ओढत असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

एवढे कळूनही पुढील सत्तर वर्षांत या क्षेत्रात फारशी प्रगती झाली नाही. ते द्रव्य कोणते, हे शोधण्यासाठी पेशींची हालचाल मोजावी लागते, आणि तशी रीत उपलब्ध नव्हती. १९६२ मध्ये स्टीफन बॉइडन यांनी एक साधी युक्ती काढली. एका कुपीचे दोन कप्पे करून मधे बारीक छिद्रांचा पडदा बसवावयाचा. वरच्या कप्प्यात पेशी, खालच्यात परीक्षेचे द्रव्य. ठराविक वेळाने पडद्यातून किती पेशी खाली उतरल्या ते मोजावयाचे. या कुपीमुळे ‘ओढणारे द्रव्य’ हे अनुमान न राहता मोजता येणारी वस्तू झाले. १९७५ पर्यंत जंतूंच्या प्रथिनांचे काही तुकडे व रक्तरसातील काही घटक अशी ओढ निर्माण करतात, हे ठरले.

याच सुमारास लसीकाग्रंथीविषयीचे ज्ञानही पालटत होते. ऑक्सफर्ड येथे जेम्स गोवन्स यांनी १९५० नंतरच्या दशकात उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, लसीकापेशी ग्रंथीत कायमच्या वस्तीस नसतात. त्या रक्तातून ग्रंथीत व ग्रंथीतून लसीकेच्या वाटे पुन्हा रक्तात अशा सतत फिरत असतात. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन व झानव्हिल कोन यांनी द्रुमाकृती पेशींचे वर्णन केले. कातडीत पहारा करणाऱ्या अशा पेशी परकी वस्तू उचलून लसीकेच्या वाटेने ग्रंथीत येतात व तेथील पेशींना तिची ओळख पटवितात, हे पुढे स्पष्ट झाले. ग्रंथी म्हणजे केवळ गाळणी नव्हे. बंदराप्रमाणे ती सतत येजा असलेली जागा आहे, असे चित्र तयार झाले.

प्लेगच्या बाजूनेही एक महत्त्वाचा दुवा हाती आला होता. १९५९ मध्ये कॅव्हना व रँडल यांनी दाखविले की, पिसूच्या थंड शरीरातून येणारे जंतू आवरणहीन असतात आणि भक्षकपेशी त्यांना सहज गिळतात. परंतु काही भक्षकपेशींच्या पोटात ते मरत नाहीत. तेथे मनुष्यदेहाच्या उष्णतेत त्यांच्यावर आवरण चढते, आणि बाहेर पडल्यावर ते पुन्हा गिळले जाणे कठीण होते. रक्षकाचे पोट हेच शत्रूचे आश्रयस्थान व्हावे, ही गोष्ट मेच्निकॉव्ह यांच्या सिद्धांतास विलक्षण कलाटणी देणारी होती.

मात्र तोवर प्लेगचा धाक ओसरला होता. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये साहिब सिंग सोखे व भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी सल्फाथायझोल हे औषध प्रायोगिक प्लेगवर गुणकारी असल्याचे १९४० मध्ये प्रसिद्ध केले. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन आले. भारतात एक कोटीहून अधिक बळी घेणारा रोग वेळेवर औषध दिल्यास बरा होऊ लागला, आणि गाठ का येते या प्रश्नाची निकड संपली.

५

पेशींना वाट दाखविणारी प्रथिने सापडली ती प्लेगच्या शोधात नव्हे, तर सुजेच्या शोधात. १९८७ मध्ये अमेरिका, स्वित्झर्लंड व जर्मनी या तीन देशांतील गटांनी स्वतंत्रपणे एकच लहान प्रथिन वेगळे काढले. मानवी रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी ते निर्माण करीत व दुसऱ्या प्रकारच्या, न्यूट्रोफिल नावाच्या, पेशींना ते आपल्याकडे ओढी. त्यास प्रत्येक गटाने निराळे नाव दिले. आज ते इंटरल्यूकिन-८ या नावाने ओळखले जाते. योशिमुरा, मात्सुशिमा, ओपेनहाइम, लेनर्ड, बाज्जोलिनी, श्रोडर ही नावे या शोधाशी निगडित आहेत. दोनच वर्षांनी मोनोसाइट पेशींना बोलावणारे प्रथिन सापडले. रचनेतील साम्यावरून हे एक मोठे घराणे आहे हे उघड झाले, आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियातील एका परिषदेत या घराण्यास ‘केमोकाइन’ हे नाव देण्यात आले.

मनुष्याच्या शरीरात अशी पन्नासाच्या जवळपास प्रथिने आहेत. ती आकाराने लहान असून सिस्टीन या अमिनो आम्लाच्या विशिष्ट जागांवरून त्यांचे चार गट पाडतात. त्यांच्या कार्याची रीत थोडक्यात अशी. इजा किंवा संसर्ग झालेल्या जागेतील पेशी केमोकाइन सोडतात. ते ऊतकांतील व रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावरील शर्करासाखळ्यांना चिकटून राहते, त्यामुळे प्रवाहाबरोबर वाहून जात नाही. उगमाजवळ दाट व दूर जावे तसे विरळ, असा त्याचा चढ तयार होतो. रक्तातून गडगडत जाणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या पृष्ठावर त्या प्रथिनाचे ग्राहक रेणू असतात. ग्राहकास केमोकाइन भेटले की पेशी वाहिनीच्या भिंतीस घट्ट चिकटते, भिंतीतून बाहेर सरकते आणि चढाच्या दिशेने चालू लागते. कोणत्या पेशीवर कोणते ग्राहक आहेत, यावर तिने कोणाच्या हाकेला ओ द्यावी हे ठरते. ग्राहकांचे सुमारे वीस प्रकार आहेत. एकाच प्रथिनास अनेक ग्राहक व एकाच ग्राहकास अनेक प्रथिने, अशी गुंतागुंत त्यात आहे.

लसीकाग्रंथीकडे जाणाऱ्या वाटेची खूणही या घराण्यातच सापडली. ग्रंथीत व लसीकावाहिन्यांच्या अस्तरात सीसीएल-२१ नावाचे केमोकाइन असते. कातडीतून परकी वस्तू घेऊन निघालेल्या द्रुमाकृती पेशींवर त्याचा ग्राहक, सीसीआर-७, प्रकट होतो. १९९९ मध्ये हा ग्राहक नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांच्या द्रुमाकृती पेशी ग्रंथीत पोचेनात. ग्रंथीतून बाहेर पडण्याची वाट मात्र प्रथिनाची नाही; तेथे स्फिंगोसीन-१-फॉस्फेट हा मेदवर्गीय रेणू काम करतो, हे त्यानंतरच्या काही वर्षांत कळले. आत येण्याची हाक एक, बाहेर जाण्याची दुसरी, अशी ही व्यवस्था आहे.

या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्व लवकरच दिसून आले. १९९६ मध्ये एड्सचा विषाणू पेशीत शिरताना सीसीआर-५ या केमोकाइनग्राहकाचाच दरवाजा वापरतो, हे सिद्ध झाले. तो दरवाजा अडविणारे औषध २००७ पासून वापरात आले. शरीराच्या दळणवळणाच्या खुणा रोगजंतूही वाचतात, हा त्यातून मिळालेला धडा होय.

६

आल्ब्रेख्ट व गोन यांच्या मुंबईतील विच्छेदनानंतर एकशे सतरा वर्षांनी, म्हणजे २०१४ मध्ये, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ व त्याची सिंगापुरातील शाखा येथील संशोधकांनी गाठीचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. अ‍ॅशली सेंट जॉन व सोमन अब्राहम हे त्या गटाचे प्रमुख. उंदरांवरील त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की, प्लेगचे जंतू पोटात घेतलेल्या द्रुमाकृती पेशी व मोनोसाइट निरनिराळ्या वेळी, लाटांप्रमाणे, ग्रंथीकडे येतात. आणि त्यांना आणणाऱ्या खुणांत सीसीआर-७ व सीसीआर-२ हे केमोकाइनग्राहक आणि स्फिंगोसीन-१-फॉस्फेट यांचा समावेश आहे. ग्रंथीतून बाहेर पडण्याच्या खुणेवर परिणाम करणारे औषध देऊन या पेशी पहिल्या ग्रंथीतच अडकवून ठेवल्या, तेव्हा पुढील ग्रंथींत जंतू कमी पोचले आणि अधिक उंदीर जगले. पहिल्या श्रेणीची गाठ, दुसऱ्या श्रेणीची गाठ, ही व्हिएन्नाच्या वैद्यांनी मृतदेहांत पाहिलेली पायऱ्यांची वाट म्हणजे जिवंतपणी पेशींची चालती वाट होती, असा याचा अर्थ होतो.

परंतु येथेच प्रश्न निकालात निघाला असे मानणे घाईचे ठरेल. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत, कातडीत सोडलेले जंतू पहिल्या ग्रंथीत फार थोड्या वेळात पोचतात असे आढळले. इतक्या अवधीत पेशी चालत जाणे संभवत नाही. तेव्हा निदान पहिल्या टप्प्यात काही जंतू कोणाच्याही पोटात न शिरता लसीकेच्या ओघाबरोबरच वाहत जात असले पाहिजेत. पहिला टप्पा रसाचा आणि पुढचे टप्पे पेशींचे, की दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात, याचा निर्णय अजून व्हावयाचा आहे.

म्हणजे मेच्निकॉव्ह व त्यांचे प्रतिपक्षी यांच्यातील पेशी की रस हा वाद, निराळ्या वेषात, त्याच गाठीपाशी येऊन उभा राहिला आहे. मात्र त्याचे स्वरूप पालटले आहे. केमोकाइन हे स्वतः रसात वावरणारे द्रव्य; परंतु ते पेशी निर्माण करते आणि पेशीच ओळखते. रसावाचून पेशीला दिशा नाही आणि पेशीवाचून रसाला काही अर्थ नाही. दोन्ही पक्षांनी सत्याचा एकेक अर्धा भाग धरला होता, असेच आज म्हणावे लागते.

७

या इतिहासाच्या प्रकाशात १८९७ च्या तपासणीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. गाठ हे रोगाचे खरे लक्षण होते, यात शंका नाही. परंतु त्या लक्षणावरून सरकारने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. गाठ आलेला माणूस हाच साथ पसरविणारा, असे धरून त्याला शोधण्यात, घरातून ओढून नेण्यात व त्याचे सामान जाळण्यात सर्व शक्ती खर्च झाली. वस्तुतः गाठीच्या प्लेगचा रोगी, जंतू फुप्फुसात जाईपर्यंत, शेजाऱ्यास सहसा रोग देत नाही. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे उंदीर व पिसू यांचा संबंध दाखविला. तो सर्वमान्य होण्यास १९०५ नंतर मुंबईत झालेले संशोधन मंडळाचे प्रयोग घडावे लागले. तोवर बंदरांवर उतारूंच्या काखा चाचपल्या जात होत्या, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उतरणाऱ्या उंदराकडे कोणाचे लक्ष नव्हते.

हा दोष केवळ निर्दयतेचा नव्हता. तो अर्धवट ज्ञानाचाही होता. गाठ दिसत होती. तिच्यामागची हालचाल दिसत नव्हती. पिसवा उंदरांवरून माणसांवर येत होत्या, जंतू कातडीतून ग्रंथीत जात होते, पेशी हाकेसरशी धावत होत्या, आणि या सर्व प्रवासांच्या शेवटी जे स्थिर चिन्ह उमटे तेवढेच अधिकाऱ्यांच्या हातास लागत होते. दिसणारे चिन्ह म्हणजेच कारण, असे समजण्याची चूक त्यांनी केली, आणि तिची शिक्षा रोग्यांनी व त्यांच्या कुटुंबांनी भोगली.

ही चूक फक्त एकोणिसाव्या शतकाची नव्हे. १९९४ च्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या तापाचे रोगी आढळले आणि पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची घबराट उठली. लाखो लोकांनी सुरत सोडली आणि रेल्वेच्या स्थानकांवर पुन्हा तपासणी सुरू झाली. औषधे हाताशी असल्याने हानी मर्यादित राहिली. तरी भयाची रीत तीच होती. योग्य औषध वेळेवर मिळाल्यास हा रोग आज बरा होतो. त्यामुळे पेशींच्या वाटा अडवून प्लेगवर उपाय करण्याची कल्पना सध्या उंदरांवरील प्रयोगांपुरतीच आहे. औषधांना दाद न देणारे जंतू उद्या वाढले, तर तिची गरज भासू शकेल.

हर्ण्याची आगबोट आता येत नाही. बंदरात मासेमारीच्या होड्या असतात आणि किनाऱ्यावर माशांचा लिलाव भरतो. १८९६–९७ च्या हिवाळ्यात या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांना आपण कशापासून पळत आहोत हे ठाऊक होते. ते कसे घडते हे मात्र त्यांना, त्यांना तपासणाऱ्या वैद्यांना किंवा परळच्या प्रयोगशाळेस ठाऊक नव्हते. लोकांनी रोगाला दिलेले ‘गाठीचा ताप’ हे नाव या सर्व काळात बदलले नाही, आणि ते बदलण्याचे कारणही नाही. त्या नावातील गाठ या शब्दाचा अर्थ मात्र वाढला आहे. ती रोगाने उठविलेली केवळ सूज नव्हे. शरीराने दिलेली हाक, तिला पेशींनी दिलेला प्रतिसाद आणि त्या हाकेचा जंतूने करून घेतलेला उपयोग, या तिन्हींची ती खूण आहे.